न्याय्य व्यापार

न्याय्य व्यापार ही विकसनशील देशांतील लहान शेतकरी, शेतमजूर व कारागीर यांच्या मालाला श्रीमंत देशांच्या बाजारपेठेत ठरावीक किमान किंमत, आणि त्याखेरीज सामुदायिक कामांसाठी काही वाढीव रक्कम मिळावी, या हेतूने उभी राहिलेली व्यापारपद्धती व चळवळ आहे. कॉफी, कोको, केळी, चहा, साखर, कापूस व फुले ही तिच्यातील प्रमुख पिके होत. यांपैकी कॉफीच्या व्यापारात या पद्धतीचा पाया घातला गेला व तिचे बहुतेक नियम आधी कॉफीवर अजमावून पाहिले गेले. त्यामुळे या लेखात मुख्यतः कॉफीच्या अनुषंगाने विवेचन केले आहे.

नाव व संकल्पना

मराठीत या पद्धतीला ‘न्याय्य व्यापार’, ‘रास्त व्यापार’ किंवा इंग्रजी शब्द जसाच्या तसा घेऊन ‘फेअर ट्रेड’ असे म्हटले जाते. ‘रास्त’ हा शब्द येथे काहीसा घोटाळ्याचा आहे. ‘रास्त भाव दुकान’ म्हणजे शिधावाटपाचे दुकान. तेथील भाव रास्त असतो तो घेणाऱ्याच्या दृष्टीने, म्हणजे स्वस्त. उलट शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने ‘शेतमालाला रास्त भाव’ ही मागणी केली, तेव्हा तिचा रोख उत्पादनखर्च भरून निघेल अशा भावावर होता. एकच शब्द खाणाऱ्यासाठी एका दिशेने आणि पिकवणाऱ्यासाठी दुसऱ्या दिशेने ओढला जातो. न्याय्य व्यापारातील ‘न्याय’ हा या दुसऱ्या अर्थाचा आहे.

ही पद्धती सरकारी हमीभावाहूनही निराळी आहे. हमीभावामागे शासनाचा खजिना असतो. न्याय्य व्यापारात किमान किंमत देण्याचे बंधन केवळ त्या खरेदीदारावर असते, ज्याला आपल्या वेष्टनावर प्रमाणचिन्ह छापावयाचे आहे. जो चिन्ह वापरत नाही त्याच्यावर कोणतेही बंधन नाही. पुढे सांगितलेल्या बऱ्याच अडचणींचे मूळ या ऐच्छिक स्वरूपात आहे.

पूर्वपीठिका

कॉफीचे झाड लावल्यापासून तीन-चार वर्षांनी फळ देऊ लागते आणि नंतर अनेक वर्षे देत राहते. भाव चढले म्हणून कोणी लागवड वाढवली, तर ते पीक बाजारात येईपर्यंत भाव उतरलेले असू शकतात. आणि भाव पडले म्हणून उभी झाडे उपटणे कोणाला परवडत नाही. ब्राझीलमध्ये १९७५ व १९९४ साली पडलेल्या कडाक्याच्या हिमदवाने जगभर कॉफी महागली. पुढे नव्या लागवडीचे पीक आल्यावर ती कोसळली. जगातील कॉफीची शेते सुमारे सव्वा कोटी असावीत आणि त्यांतील बहुतांश पाच हेक्टरांहून लहान असावीत, असा अलीकडचा अंदाज आहे. एवढ्या लहान जमिनीवर निर्यातीचे पीक घेणाऱ्याला पडत्या भावाची दोन वर्षे काढणेही अवघड जाते.

या चढउतारांना आवर घालण्यासाठी १९६२ साली उत्पादक व ग्राहक देशांनी आंतरराष्ट्रीय कॉफी करार केला. प्रत्येक देशाने किती कॉफी निर्यात करावयाची याचा कोटा ठरवून किंमत एका पट्ट्यात ठेवणे, ही त्यामागील कल्पना होती. शीतयुद्धाच्या काळात लॅटिन अमेरिकेत अस्वस्थता वाढू नये म्हणून अमेरिकेनेही त्यास पाठिंबा दिला. जुलै १९८९ मध्ये कोट्याची व्यवस्था मोडली. काही वर्षांतच न्यूयॉर्कच्या बाजारातील भाव निम्म्याहून खाली आला. मेक्सिकोत शेतकऱ्यांना कर्ज, सल्ला व खरेदी पुरवणारी ‘इन्मेकाफे’ ही सरकारी संस्था याच सुमारास गुंडाळली जाऊ लागली. १९९० च्या दशकात व्हिएतनाम मोठा उत्पादक म्हणून पुढे आला आणि २००१ साली अरेबिका कॉफीचा भाव पौंडाला ५० सेंटच्याही खाली गेला. आंतरराष्ट्रीय कॉफी संघटनेच्या त्या वेळच्या हिशेबाप्रमाणे १९९० च्या दशकाच्या आरंभी कॉफीची किरकोळ विक्री सुमारे ३० अब्ज डॉलरांची होती व त्यांतील १० ते १२ अब्ज उत्पादक देशांना मिळत होते. दशकभरानंतर विक्री ७० अब्जांवर गेली आणि उत्पादकांचा वाटा साडेपाच अब्जांवर आला. कप महागला आणि बी स्वस्त झाले.

उगम

हस्तकलेच्या वस्तूंपुरता असा व्यापार आधीपासून चालू होता. अमेरिकेत एडना रूथ बायलर यांनी १९४६ पासून पोर्तो रिकोतील स्त्रियांचे भरतकाम ओळखीपाळखीच्या लोकांत विकावयास सुरुवात केली. युरोपात चर्चशी व मदतसंस्थांशी जोडलेली दुकाने निघाली. १९६८ साली नवी दिल्लीत संयुक्त राष्ट्रांची व्यापार व विकासविषयक दुसरी परिषद भरली. ‘मदत नको, व्यापार हवा’ ही विकसनशील देशांची मागणी तेथे ठळकपणे मांडली गेली आणि पुढे या चळवळीचे ते घोषवाक्य झाले. १९७३ साली ग्वाटेमालातील सहकारी संस्थांची कॉफी नेदरलँड्समध्ये या मार्गाने विकली गेली. मात्र हा सारा माल ठरावीक दुकानांत, ठरावीक विचारांची मंडळीच घेत असत.

वळण आले ते मेक्सिकोतील ओआहाका प्रांतातून. तेहुआंतेपेक संयोगभूमीच्या डोंगराळ भागातील सापोतेक, मिहे व अन्य आदिवासी शेतकऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी ‘उसिरी’ या संक्षिप्त नावाने ओळखला जाणारा संघ स्थापन केला. तोवर त्यांची कॉफी गावोगाव फिरणारे दलाल घेत असत. या दलालांना तेथे ‘कोयोते’ म्हणतात. हे मुळात उत्तर अमेरिकेतील कोल्ह्यासारख्या एका प्राण्याचे नाव. दलाल पिकाआधी उचल देत, वजनात मारत आणि रस्ता नसलेल्या गावांत दुसरा खरेदीदारच नसल्याने भाव स्वतः ठरवीत. उचलीची ही रीत महाराष्ट्रातील वाचकाला परकी वाटणार नाही. संघाने माल एकत्र करून थेट विकण्यास सुरुवात केली. पुढे स्वतःची बससेवा व शेतीशाळाही चालवली.

या शेतकऱ्यांत राहून काम करणारे डच धर्मगुरू फ्रान्स व्हान डेर होफ आणि नेदरलँड्समधील ‘सॉलिडारिडाड’ या संस्थेचे निको रोझन यांनी मिळून पुढील मार्ग काढला. शेतकऱ्यांचे म्हणणे असे होते, की आम्हांला देणग्या नकोत. मालाची योग्य किंमत मिळाली तर देणग्यांची गरज उरणार नाही. वेगळ्या दुकानांऐवजी नेहमीच्या किराणा बाजारात शिरणे आवश्यक होते. त्यासाठी स्वतःची नवी कॉफी काढण्यापेक्षा कोणत्याही भाजणाऱ्या कंपनीला नियम पाळून वापरता येईल असे चिन्ह काढणे, हा उपाय ठरला. १५ नोव्हेंबर १९८८ रोजी ‘माक्स हाव्हेलार’ हे चिन्ह नेदरलँड्समध्ये बाजारात आले.

हे नाव एका कादंबरीतील नायकाचे आहे. मुल्तातुली या टोपणनावाने एडुआर्ड डाउवेस डेकर यांनी १८६० साली ती प्रसिद्ध केली. डच वसाहत सरकारने १८३० पासून जावा बेटावर अशी पद्धत लागू केली होती, की शेतकऱ्याने आपल्या जमिनीचा काही भाग कॉफी, ऊस, नीळ अशा निर्यातीच्या पिकांना द्यावा आणि पीक सरकारने ठरवलेल्या दराने घालावे. डेकर स्वतः जावातील लेबाक येथे अधिकारी होते. तेथील जुलूम त्यांनी कादंबरीतून डच वाचकांपुढे ठेवला. सव्वाशे वर्षांनंतर त्याच देशातील कॉफीच्या पाकिटावर हे नाव छापले गेले, हे औचित्यपूर्णच म्हणावे लागेल.

इतर देशांतही अशी चिन्हे निघाली. ब्रिटनमध्ये १९९२ साली ‘फेअरट्रेड फाउंडेशन’ स्थापन झाले आणि १९९४ पासून चिन्हांकित माल विकला जाऊ लागला. १९९७ साली या राष्ट्रीय संस्थांनी मिळून जर्मनीतील बॉन येथे मध्यवर्ती संघटना स्थापली. २००२ पासून निळ्या-हिरव्या रंगांचे व काळ्या पार्श्वभूमीचे समान चिन्ह प्रचारात आले.

किमतीची रचना

न्याय्य व्यापारातील किमतीचे दोन भाग असतात. पहिला किमान किंमत. बाजारभाव तिच्याहून खाली गेला तरी खरेदीदाराला ती द्यावीच लागते. बाजारभाव वर असल्यास बाजारभाव द्यावा लागतो. दुसरा भाग अधिमूल्य. ही रक्कम शेतकऱ्याच्या हातात न जाता संस्थेकडे जमा होते व तिचा विनियोग सभासदांची सभा ठरवते: कोठे शाळेची खोली, कोठे विहीर, कोठे वाळवणाचे ओटे, कोठे नवी रोपे. शेतकरी संस्थेने मागणी केल्यास खरेदीदाराने कराराच्या रकमेच्या ६० टक्क्यांपर्यंत आगाऊ द्यावी, असाही नियम आहे. दलालाच्या उचलीला पर्याय म्हणून हा नियम आला, आणि व्यवहारात किमान किमतीइतकाच तो मोलाचा आहे.

धुतलेल्या अरेबिका कॉफीची किमान किंमत आरंभी पौंडाला १.२१ डॉलर व अधिमूल्य ५ सेंट, म्हणजे एकूण १.२६ डॉलर होती. २०११ साली किमान किंमत १.४० डॉलर व अधिमूल्य २० सेंट झाले. त्यांतील किमान ५ सेंट उत्पादकता व दर्जा यांवर खर्च करावयाचे असतात. त्यानंतर बारा वर्षे किमान किंमत हलली नाही. ऑगस्ट २०२३ पासून ती १.८० डॉलर आहे; सेंद्रिय कॉफीला आणखी ४० सेंट मिळतात. न धुता वाळवलेल्या रोबस्टाची किमान किंमत १.२० डॉलर आहे. अमेरिकेतील महागाईच्या मानाने पाहिले, तर १९८९ च्या १.२६ डॉलरची खरेदीशक्ती राखण्यासाठी २०२३ साली सुमारे ३ डॉलर द्यावे लागले असते. आकडा वाढला, पण प्रत्यक्षात जमीन खचतच गेली.

हे आकडे वाचताना तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात.

एक, ही किंमत बंदरावर जहाजात चढवलेल्या, भाजण्यापूर्वीच्या कॉफीची आहे आणि ती शेतकऱ्याला नव्हे तर संस्थेला मिळते. गर काढणे, धुणे, वाळवणे, निवडणे, वाहतूक, कर्जावरील व्याज व कार्यालयाचा खर्च वजा जाता उरेल ते सभासदाचे. पिकलेली पाच-सहा किलो फळे तोडावीत तेव्हा एक किलो बी निघते. मध्य अमेरिकेतील हिशेब वाचताना आणखी एक खुलासा आवश्यक आहे: तेथील ‘क्विंटल’ १०० पौंडांचा, म्हणजे सुमारे ४६ किलोंचा असतो, आपला १०० किलोंचा नव्हे.

दोन, संस्था प्रमाणित असली म्हणून तिचा सगळा माल या भावाने विकला जात नाही. चिन्हाखाली किती कॉफी खपेल हे ग्राहक देशांतील मागणीवर ठरते, आणि प्रमाणित कॉफीचे उत्पादन त्या मागणीहून बरेच अधिक असते. उरलेला माल साध्या बाजारातच जातो. समजा, बाजारभाव १ डॉलर आहे आणि संस्थेने ३० टक्के माल न्याय्य व्यापारात अधिमूल्यासह २ डॉलरांनी व ७० टक्के साध्या बाजारात विकला. तर सरासरी १.३० डॉलर पडते. पाकीट विकत घेणाऱ्याने २ डॉलरांचा भाव पाहिलेला असतो, शेतकरी १.३० मधून संस्थेचा खर्च वजा करून घरी जातो. कॅलिफोर्निया विद्यापीठातील आलँ द जान्व्री व त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्वाटेमालातील संस्थांच्या नोंदी तपासून हाच मुद्दा मांडला: भाव चांगला दिसला की अधिकाधिक संस्था प्रमाणपत्र घेतात, प्रत्येकीच्या वाट्याला येणारी विक्री आटते आणि प्रमाणपत्राचा खर्च मात्र सर्वांना पडतो. २००४ च्या सुमारापासून तपासणीचे शुल्क उत्पादक संस्थांकडूनही घेतले जाते.

तीन, किमान किंमत पडत्या काळासाठी आहे. २००१ चे संकट, किंवा २०१८-१९ मध्ये भाव पुन्हा १ डॉलरच्या खाली गेला ते दिवस, यांत तिचा उपयोग स्पष्ट दिसला. तेजीत मात्र संस्थेची परीक्षा होते. २०११ च्या मे महिन्यात भाव ३ डॉलरांवर गेला; २०२५ च्या फेब्रुवारीत ४ डॉलर ओलांडले. अशा वेळी दलाल रोख पैसे घेऊन दारात उभा राहतो आणि संस्था काही महिन्यांनी हिशेब देणार असते. सभासद माल परस्पर विकतात आणि आधी ठरलेले करार पुरे करण्यासाठी संस्थेला चढ्या भावाने माल घ्यावा लागतो किंवा करार मोडावा लागतो. यात सभासदाला दोष देणे सोपे आहे. पण ज्याच्या घरात जानेवारीत पैसा नाही, त्याला जूनमधील हिशेबाचा काय आधार?

मजुरांचा प्रश्न

न्याय्य व्यापाराची मूळ कल्पना स्वतःच्या जमिनीवर कुटुंबासह राबणाऱ्या शेतकऱ्याची होती. प्रत्यक्षात लहान शेतकरीही तोडणीच्या हंगामात मजूर लावतो, आणि हे मजूर बहुधा त्याच्याहून गरीब असतात. संस्थेच्या सभेत त्यांना मत नसते.

लंडन विद्यापीठाच्या ‘सोआस’ या संस्थेतील क्रिस्टोफर क्रेमर व सहकाऱ्यांनी इथिओपिया व युगांडा येथे कॉफी, चहा व फुले या पिकांतील मजुरांची पाहणी करून २०१४ साली अहवाल प्रसिद्ध केला. न्याय्य व्यापाराच्या संस्था असलेल्या क्षेत्रांतील मजुरी इतर तुलनायोग्य क्षेत्रांपेक्षा कमी आढळल्याचे त्यात म्हटले होते. चळवळीच्या संघटनेने त्यावर आक्षेप घेतला, की लहान शेतकऱ्यांच्या क्षेत्रांची तुलना मोठ्या मळ्यांशी करणे योग्य नाही. आक्षेपात तथ्य असले तरी मजुरांविषयीचा मूळ प्रश्न त्याने सुटत नाही. कोस्टा रिकातील नोंदींवर राल्युका द्रागुसानू, एडुआर्डो माँतेरो व नेथन नन यांनी केलेल्या अभ्यासात प्रमाणपत्रामुळे विक्रीची किंमत वाढते व जमीनमालक शेतकऱ्यांचे उत्पन्न सुधारते असे दिसले. मध्यस्थांचे उत्पन्न घटले, पण मजुरांना फारसा लाभ झाला नाही. दोन्ही अभ्यास एकत्र वाचले असता असे दिसते, की ही पद्धती दलाल व शेतकरी यांच्यातील वाटणी बदलते. शेतकरी व मजूर यांच्यातील वाटणीला ती क्वचितच हात लावते.

चळवळीतील फूट

चहा व केळी यांच्या मोठ्या मळ्यांना, मजुरांची समिती अधिमूल्याचा विनियोग ठरवील या अटीवर, आधीपासून प्रमाणपत्र मिळत असे. कॉफी व कोको यांत मात्र केवळ लहान शेतकऱ्यांच्या संस्थांना प्रवेश होता. २०११ च्या अखेरीस अमेरिकेतील ‘फेअर ट्रेड यूएसए’ ही संस्था आंतरराष्ट्रीय संघटनेतून बाहेर पडली आणि तिने कॉफीच्या मळ्यांनाही प्रमाणपत्र देण्याचे ठरवले. तेथील मजूरही गरीबच आहेत, मग त्यांना का वगळावे, असा तिचा युक्तिवाद होता. लॅटिन अमेरिकेतील शेतकरी संघांनी याला कडाडून विरोध केला. मळेवाल्याचा माल एका जागी, एका दर्जाचा व स्वस्तात मिळत असता डोंगरातल्या तीनशे घरांची कॉफी गोळा करावयास कोण जाईल, ही त्यांची भीती होती. या संघांनी २००६ सालीच ‘लघुउत्पादक’ हे स्वतःचे निराळे चिन्ह काढले होते; त्याचे नियम शेतकरी संस्थाच ठरवतात. आंतरराष्ट्रीय संघटनेनेही याच सुमारास आपल्या सर्वसाधारण सभेत उत्पादकांना निम्मी मते देण्याचा निर्णय घेतला. तोवर पिकवणाऱ्यांच्या किमतीचा निर्णय घेणाऱ्या सभेत विकणाऱ्या देशांच्या संस्थांचेच प्राबल्य होते.

इतर पिके

कोकोमधील ठळक उदाहरण घाना देशातील ‘कुआपा कोकू’ या संघाचे आहे. कोकोच्या अंतर्गत खरेदीत खासगी संस्थांना मुभा मिळाल्यावर १९९३ साली तो स्थापन झाला. त्वी भाषेतील या नावाचा अर्थ ‘चांगला कोको शेतकरी’ असा होतो. १९९८ साली ब्रिटनमध्ये काढलेल्या ‘डिव्हाइन’ या चॉकलेट कंपनीत या संघाची भागीदारी होती व काही काळ ती ४५ टक्के होती. कच्चा माल विकणाऱ्याने तयार मालाच्या नफ्यातही वाटेकरी व्हावे, हा विचार किमान किमतीच्या पुढचा होता. परंतु त्याचे अनुकरण फारसे झाले नाही.

भारत

भारतात दार्जिलिंग, आसाम व निलगिरी येथील काही चहामळे, दक्षिणेतील कॉफी व मसाल्याच्या लहान शेतकऱ्यांच्या संस्था आणि कापूस उत्पादक या पद्धतीत आहेत. कापसासाठी वेगळे नियम २००४-०५ च्या सुमारास झाले. त्यांत किमान किंमत बंदरावरची नसून शेतातल्या सरकीसह कापसाची असते, त्यामुळे ती शेतकऱ्याला अधिक थेट समजते. भारतात सहकारी संस्था नसलेल्या कापूस उत्पादकांनाही, एखाद्या प्रवर्तक संस्थेच्या आधाराने, प्रवेश मिळण्याची सोय आहे. विदर्भ, तेलंगण व ओडिशा येथील कोरडवाहू शेतकऱ्यांत २००४ पासून काम करणारी ‘चेतना ऑरगॅनिक’ ही या क्षेत्रातील परिचित संस्था होय. या कापसाची मुख्य अडचण अशी, की शेतातून निघालेला कापूस जिनिंग, सूतगिरणी, विणकाम, रंगकाम व शिलाई असे टप्पे ओलांडून कपडा होतो. प्रत्येक टप्प्यावर तो माल वेगळा ठेवण्याचा खर्च येतो आणि अखेरच्या दुकानदाराने चिन्ह नको म्हटले, तर साखळी शेतापर्यंत तुटते.

महाराष्ट्राला किमान किमतीच्या या कोड्याचा अनुभव पूर्वीपासून आहे. १९७२ साली राज्य शासनाने कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू केली. राज्यातील सर्व कापूस शासकीय यंत्रणेने हमी दराने घ्यावा व खासगी व्यापाऱ्यांना मज्जाव असावा, असे तिचे स्वरूप होते. मंदीत शेतकरी केंद्रांवर रांगा लावीत. शेजारच्या राज्यांत भाव चढला की कापसाच्या गाड्या रातोरात सीमेपलीकडे जात. २००२ च्या सुमारास खासगी खरेदीला मुभा मिळून एकाधिकार संपुष्टात आला. ओआहाकातील संघाला तेजीच्या वर्षी जो प्रश्न पडतो, तोच विदर्भातील खरेदी केंद्रांपुढे होता. फरक इतकाच, की तेथे तोटा शासनाच्या तिजोरीतून भरून निघू शकत होता.